ओळखीची नसेल तर नकार द्या

१

नोएलियाचं काम म्हणजे दिवसभर घाबरलेल्या लोकांना शांत करणं. मोंतेविदेओच्या जुन्या भागात, बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, तिची कंपनी होती. कंपनी लोकांचे पासवर्ड सांभाळायची. बँक, वीज, दवाखाना, सगळीकडचे पासवर्ड एका ॲपमध्ये. त्या ॲपला सगळे तिजोरीच म्हणायचे. तिजोरी उघडायला एकच मुख्य पासवर्ड, आणि तो फक्त मालकाच्या डोक्यात. जगात रोज कुठे ना कुठे कोणाची तरी माहिती फुटायची. मग तिजोरी आपल्या ग्राहकाला लाल ठिपका दाखवायची: तुमचा अमुक ठिकाणचा पासवर्ड चोरांच्या हाती लागलाय, लगेच बदला. ठिपका दिसला की ग्राहकाचं धाबं दणाणायचं आणि फोन नोएलियाकडे यायचा.

"म्हणजे तुम्ही माझा पासवर्ड वाचलात!" त्या सोमवारी एक निवृत्त मास्तरीण तिच्यावर डाफरत होती.

"नाही हो बाई. तो आम्हाला दिसतच नाही. तुमच्याच फोनवर त्याचं एक खिचडी झालेलं रूप तयार होतं. त्या खिचडीची चार शितं आमच्याकडे येतात. तशी शितं चोरीच्या मालात जिथे जिथे आहेत तो सगळा ढीग आम्ही तुमच्या फोनला धाडतो. पूर्ण जुळतंय की नाही ते तुमचा फोन बघतो, आम्ही नाही."

"आणि मी मुख्य पासवर्ड विसरले तर?"

"तर आम्हीही काही करू शकत नाही. चावी आमच्याकडे नाहीच. मालकाशिवाय तिजोरी कोणीच उघडू शकत नाही."

हे वाक्य ती इतक्यांदा म्हणायची की शेजारच्या टेबलावरचा फाकुंदो आवाज न करता तिच्यासोबत ओठ हलवायचा. फाकुंदो मागची यंत्रणा बघायचा. काखेत गरम पाण्याचा थर्मास आणि हातात नळीने ओढायच्या 'माते' या कडू चहाचा पेला, या दोन वस्तूंशिवाय त्याला कोणी पाहिलेलं नव्हतं.

मास्तरणीला वाटेला लावून नोएलियाने आपलं स्वतःचं घरचं खातं उघडलं. सोमवारी सकाळी ते एकदा नजरेखालून घालायची तिला सवय होती. घरच्या खात्यात दोन नावं होती. तिच्या नावापुढे हिरवी खूण होती. दार्दोच्या नावापुढे लाल ठिपका होता.

दार्दो तिचा नवरा. बंदरात टगबोटींच्या इंजिनांवर काम करायचा. दोन वर्षांपूर्वी कामावरच छातीत कळ येऊन गेला.

२

ठिपक्याचं कारण साधं होतं. दार्दो आपल्या आवाजातल्या फाइली ज्या कंपनीकडे ठेवायचा, त्या कंपनीची माहिती फुटली होती. कंपनीने जाहीर केलं होतं की ज्यांनी महिनाअखेरपर्यंत पासवर्ड बदलला नाही त्यांची खाती कायमची पुसून टाकू.

त्या फाइली म्हणजे गोष्टी होत्या. दार्दोला रात्रपाळी असली की तो बोटीवरून मुलीसाठी गोष्ट बोलून ठेवायचा. तोर्नियो नावाचा एक कुत्रा टगबोटीवर राहतो आणि मोठमोठ्या जहाजांवर भुंकून त्यांना वाट दाखवतो, अशी ती न संपणारी गोष्ट. काही गोष्टी घरी बोललेल्या, त्यात मधूनमधून छोट्या अब्रिलचा आवाज यायचा: "आणि मग?" या गोष्टी जुन्या टॅबलेटवर वाजायच्या, म्हणून नोएलियाला दार्दोच्या तिजोरीला हात लावायची कधी गरज पडली नाही. खरं तर धीरही झाला नाही. पण गेल्या महिन्यात त्यांनी घर बदललं आणि जिन्यावरून टॅबलेट घरंगळला.

तेव्हापासून नऊ वर्षांची अब्रिल झोपताना भिंतीकडे तोंड करून पडायची. आदल्या रविवारी ती म्हणाली होती, "आई, बाबाचा आवाज मला आठवत नाहीये. आठवायला गेलं की फाकुंदोकाकाचाच येतो." नोएलिया उठून मोरीत गेली आणि नळ सोडून रडली.

तिजोरीत अशा वेळेसाठी एक सोय असते. आपल्या माणसाचं नाव देऊन ठेवायचं. आपलं काही बरंवाईट झालं तर त्या माणसाने विनंती करायची. सात दिवस थांबायचं. सात दिवसांत मालकाने नकार दिला नाही तर तिजोरी आपोआप उघडते. ही सोय नोएलियानेच दार्दोच्या फोनवर करून दिली होती. दोघांनी एकमेकांची नावं दिली होती.

"आणि कोणा भलत्यानेच मागितली तर?" दार्दोने विचारलं होतं, तोंडात भाजलेल्या मांसाचा तुकडा.

"विनंती ओळखीची वाटली नाही तर नकार दाब. विचार करत बसू नकोस. आधी नकार, मग विचार."

"तूच मागितलीस तर?"

"तू जिवंत असताना मी कशाला मागू? जिवंतपणी माझ्या नावाने आली तर ती मी नसेनच. दाब नकार."

"बरोबर आहे बाईसाहेब," म्हणत त्याने तेलकट अंगठा तिच्या नाकाला लावला होता.

सोमवारी दुपारी नोएलियाने विनंती पाठवली. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत उत्तर आलं. विनंती नाकारण्यात आली आहे.

३

"बिघाड," फाकुंदो म्हणाला.

"बघ तरी नीट."

त्याने पाहिलं. नकार दार्दोच्या फोनवरून आला होता. नकार द्यायचा तर आधी तिजोरी उघडावी लागते, आणि ती पहिल्याच फटक्यात बरोबर मुख्य पासवर्डने उघडली होती. फाकुंदोने पेल्यातलं संपेपर्यंत नळी चोखली. नुसती हवा यायला लागली तरी तो चोखत राहिला.

"तो फोन कुठे आहे, नोए?"

"त्याच्यापाशी. शवपेटीत. अब्रिलने कोटाच्या आतल्या खिशात ठेवला होता. म्हणाली, तिकडे गोष्ट सुचली तर बाबा बोलून ठेवेल. मी कसं नाही म्हणणार?"

"मग सरळ आहे. कब्रस्तानातल्या कोणीतरी लांबवला. विकला. ज्याने घेतला त्याने चार्ज केला."

"आणि पासवर्ड?"

"दार्दोने फोनच्या पाठीवर चिठ्ठी चिकटवली असेल. तुझा नवरा इंजिनवाला होता ग, तुझ्यासारखा शहाणा नव्हता."

तिला हसू आलं. हसल्यावर बरंही वाटलं. चोर म्हणजे निदान माणूस. तिने दुसऱ्यांदा विनंती पाठवली. त्या विनंतीलाही नकार आला, आणि तिसरीलाही. चौथीच्या वेळी ती फोन समोर ठेवून टक लावून बसली. विनंती गेली आणि तिचा हात पेल्यापर्यंत पोहोचायच्या आत नकार येऊन पडला. विचार करायला वेळच घेतला नव्हता पलीकडच्याने.

पुढच्या सोमवारी खात्यात दार्दोच्या नावापुढे हिरवी खूण होती. इशाऱ्याची दखल घेतली, पासवर्ड बदलला, नवा पासवर्ड भक्कम आहे. खातं पुसलं जाण्याची भीती टळली होती. गोष्टी सुरक्षित होत्या आणि तिच्यापासूनही सुरक्षित होत्या.

"हा कसला चोर?" ती म्हणाली. "आमचं ऐकून पासवर्ड बदलणारा?"

"असे ग्राहक आपल्याला कधी मिळणार?" फाकुंदो म्हणाला, पण त्याचं लक्ष पडद्याकडे होतं. "ते जाऊ दे. शुक्रवारी तुझी पोर आणायला मला शाळेत पाठवलंस ना, त्या फाटकावरच्या ग्लॅडिसबाईंनी मला आत घेतलंच नाही. यंदाचा शब्द सांगा म्हणे. रस्त्यावर, दहा आयांच्या समोर, मी मोठ्याने 'रताळं' म्हणून ओरडलो."

"अब्रिलने निवडलाय. दरवर्षी मार्चमध्ये बदलतात. शब्द बरोबर असेल तरच पोर अनोळखी माणसाच्या हातात देतात."

"मी अनोळखी?"

"तू रताळं."

४

कब्रस्तानाचं बोलावणं ठरल्या वेळी आलं. भिंतीतल्या कोनाड्यात शवपेटी दोन वर्षं राहते. मग ती उघडून अस्थी छोट्या पेटीत भरतात आणि कोनाडा दुसऱ्याला देतात. घरच्या कोणीतरी समोर उभं राहावं लागतं. तिथे हे सगळ्यांनाच करावं लागतं आणि कोणी त्याचा फार बाऊ करत नाही. नोएलियाने आपल्या आईच्या वेळीही केलं होतं. यंदा मात्र तिला जायची घाई होती. फोन चोरीला गेलाय एवढं तिला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

फाकुंदो थर्मास घेऊन सोबत आला. सकाळचं स्वच्छ ऊन होतं. पांढऱ्या कपड्यांतल्या दोन कामगारांनी पेटी खाली उतरवली आणि त्यातल्या वयस्काने झाकण सरकवलं.

"बाई, लांबूनच बघा. काही हवं असेल तर सांगा, आम्ही काढून देतो. अंगठी, माळ, काही असेल ते."

"फोन होता. कोटाच्या आतल्या खिशात."

कामगाराने खिसा चाचपला. "खिशात नाही."

फाकुंदोने तिच्या खांद्यावर हात ठेवला. बघ, असं त्याला म्हणायचं होतं. नोएलिया निघायला वळली.

"हा काय," कामगार म्हणाला. "हातात आहे."

त्याने तो फडक्याने धरून वर केला. बॅटरी फुगून पाठ उकलली होती. अशा फोनमध्ये जीव उरत नाही, हे सांगायला फाकुंदो लागत नाही. पाठीला कसलीही चिठ्ठी नव्हती. काचेवर दोन वर्षांची तपकिरी साय धरली होती, सगळीकडे सारखी. फक्त खाली डाव्या बाजूला एक जागा स्वच्छ होती. अंगठ्याएवढी. पुसून पुसून घासली जावी तशी चकचकीत, आणि तिच्यात आकाश दिसत होतं.

नकाराचं बटण त्या जागी असतं. हे तिथे दोघांनाच माहीत होतं.

"पेटीत घालू की कचऱ्याच्या थैलीत?" कामगाराने विचारलं.

"त्याच्यापाशीच राहू द्या," नोएलिया म्हणाली.

परतताना बसमध्ये फाकुंदोने पेला तिच्यापुढे केला. तिने घेतला नाही. "ओल धरली नसेल तेवढ्या जागी," तो म्हणाला. "काच आहे. काचेचं काय सांगता येतं?"

५

गुरुवारी ती कामावर असताना तिच्याच फोनवर विनंती आली.

'दार्दो यांनी तुमची तिजोरी उघडण्याची विनंती केली आहे. सात दिवसांत नकार न दिल्यास परवानगी दिली असे समजले जाईल.'

तिचा अंगठा आपोआप खाली डावीकडे गेला आणि नकार दाबला गेला. मग तिने विचार केला. आधी नकार, मग विचार. आणि विचार करता करता तिच्या अंगावर काटा आला. विनंतीची तिला भीती वाटली होती, पण काटा त्याने आला नव्हता. दार्दोलाही अगदी असंच झालं असणार, हे तिला कळलं म्हणून आला. तो जिथे कुठे आहे तिथे त्याला वाटतं की तो जिवंत आहे. आणि जिने मागायचं कारणच नाही ती बायको पुन्हा पुन्हा दार ठोठावतेय. जिवंतपणी माझ्या नावाने आली तर ती मी नसेनच, असं त्याला सांगून ठेवलेलं. तो घाबरला असेल. घाबरून दाबत राहिला असेल.

दुसऱ्या दिवशी विनंती पुन्हा आली. तिने पुन्हा नकार दिला आणि फाकुंदोला दाखवलं.

"यंत्रणेत बिघाड आहे, मी तसं लिहून दिलंय," तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "पण तू दाबत राहा. ऐकतेस ना? ग्राहकाला काय सांगशील?"

"ओळखीची नसेल तर नकार द्या."

"मग झालं."

"ओळखीची आहे पण," नोएलिया म्हणाली.

त्या रात्री अब्रिलने भिंतीकडे तोंड करून स्वतःलाच गोष्ट सांगायचा प्रयत्न केला. तोर्नियो बोटीवर चढला, आणि मग... आणि मग... पुढे तिला जमेना. नोएलिया दाराशी उभी राहून ऐकत होती. तिने मनाशी हिशेब मांडला. बिघाड असेल तर कोणाचं काही बिघडत नाही. आणि बिघाड नसेल तर तो दार्दो आहे. दार्दोने आपलं कधी काय वाईट केलंय? दोघांपैकी कोणीतरी आधी हात खाली घ्यायला हवा.

सोमवारी दुपारी साडेतीनच्या सुमारास तिसरी विनंती आली. तिने नकार दिला नाही. तशीच राहू दिली, आणि त्याच मिनिटाला आपलीही विनंती त्याला पाठवली. पलीकडून या वेळी काहीच आलं नाही. तासाभराने नाही, दुसऱ्या दिवशी नाही.

सात दिवस ती अगदीच बेसावध बसली नाही. तिने आपली तिजोरी रिकामी करायला घेतली. बँक काढली. नव्या घराचा पत्ता काढला, दाराच्या कुलुपाचे आकडे काढले. दार्दो गेल्यावर घेतलेलं घर होतं ते, त्याला ठाऊक नव्हतं. हे सगळं तिने कागदावर लिहून पाकिटात ठेवलं. ग्राहकाने असं केलं असतं तर तिने त्याला चांगलंच झापलं असतं. राहिलं होतं ते किरकोळ: वाचनालय, शाळेची फी, बसचा पास. तेवढं बघून कोणी काय करणार होतं!

६

सोमवारी साडेतीनला दोन्ही तिजोऱ्या उघडल्या. दोन ओळी एकीखाली एक आल्या, बाकी काही झालं नाही. शेजारी फाकुंदो कोणाला तरी समजावत होता. खाली रस्त्यावर भोंगा वाजला.

नोएलिया फोन घेऊन मीटिंगच्या रिकाम्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. दार्दोच्या तिजोरीत नवा पासवर्ड होता. तिने तो त्या दुसऱ्या कंपनीच्या पानावर घातला. गोष्टींची यादी वरपासून खालपर्यंत उघडली. एकही गेली नव्हती. तिने एक लावली.

"तर काय, तोर्नियोने आज सकाळी उठल्या उठल्या पाहिलं, की नदीच नाही..."

तोच आवाज. जरासा नाकात, मागे इंजिनाची घरघर. तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले. आज रात्री अब्रिल ऐकेल, एवढंच तिच्या मनात होतं. ती एकामागून एक गोष्टी लावत गेली. गोष्टीतली लहानगी अब्रिल विचारायची "आणि मग?" आणि नोएलिया रडता रडता हसायची. इतकं सुख तिला दोन वर्षांत झालं नव्हतं.

फोन वाजला तेव्हा चार वाजून गेले होते. शाळेच्या फाटकावरच्या ग्लॅडिसबाई होत्या.

"अब्रिलच्या आई, तुमची शेजारीण सिल्व्हिया रोजच्यासारखी अब्रिलला न्यायला येऊन उभी आहे. म्हणते, मला कोणी काही कळवलंच नाही. म्हटलं तुम्हाला विचारावं."

"काय कळवायचं?"

"अहो, की आज तिचे वडील नेणार म्हणून."

नोएलिया उठून उभी राहिली.

"मी नवीन ना इथे, मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. म्हणून शब्द विचारला. रताळं म्हणाले. मला हसूच आलं. तेही हसले. सभ्य वाटले हो. अंगाला जरा ग्रीसचा वास, उजव्या अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली, बाकी नीटनेटके. पोरगी तर लांबूनच ओळखून धावत सुटली. काही चुकलं का बाई?"

शब्द शाळेच्या फीच्या पासवर्डखाली होता. मार्चमध्ये तिनेच टिपून ठेवला होता.

"कोणत्या बाजूला गेले?"

"बंदराकडे. हॅलो? ऐकताय ना?"

नोएलिया ऐकत होती. फोन कानापासून खाली घेताना तिला दिसलं की गोष्टींच्या यादीत सगळ्यात वर एक नवी गोष्ट आली होती. तारीख आजची होती. तिने ती लावली. आधी वारा, मग बसचा ब्रेक, मग पावलं, दोघांची. दार्दोचा आवाज त्यात कुठेच नव्हता. फक्त अब्रिलचा होता, आताचा, नऊ वर्षांचा, आनंदाने धाप लागलेला.

"आणि मग?"